बोट ठेवायला जागा नाही

प्रश्न : मी एका संस्थेत पत्रव्यवहार सांभाळते. सोडून जाणाऱ्या सहकाऱ्यांची शिफारसपत्रं इंग्रजीत तयार होतात आणि त्यांचं मराठी भाषांतर माझ्याकडे येतं. नुकत्याच आलेल्या एका पत्रात 'कंडक्ट'ला 'इम्पेकेबल' हे विशेषण होतं. कोशात 'पाप करू न शकणारा' आणि 'निर्दोष' असे दोन्ही अर्थ दिसले, म्हणून मी 'त्यांचे वर्तन निष्पाप होते' असं लिहिलं. वरिष्ठांनी ते खोडून 'परफेक्ट होते' असं केलं. एका सहकाऱ्याचं म्हणणं असं, की हा मुळात धर्माच्या पुस्तकातला शब्द आहे, त्याचा खरा अर्थ पापाशी जोडलेला आहे, त्यामुळे कार्यालयीन पत्रात तो नकोच, 'फ्लॉलेस' लिहावं. खरा अर्थ कोणता? मराठीत काय लिहू? आणि याचं स्पेलिंग माझं दर वेळी चुकतं, त्याची काही खूण असेल तर तीही सांगा.
— एक भाषांतरकार

उत्तर :

तुमच्या वाक्यातला 'निष्पाप' काढायलाच हवा होता, हे वरिष्ठांचं बरोबर आहे. पण 'परफेक्ट'ने ते वाक्य सुधारलं नाही. आणि धार्मिक शब्द म्हणून 'इम्पेकेबल' टाळा, हा सल्ला तर अजिबात ऐकू नका. वर्तनाविषयी बोलायचं असेल तेव्हा इंग्रजीत याच्याइतका नेमका शब्द मिळणं कठीण. तो इतका चपखल का बसतो, हे त्याची फोड केली की कळतं.

शब्दाचे तीन तुकडे आहेत. पहिला 'इन', म्हणजे नकार. संस्कृतमधला 'अ' किंवा 'अन्' आणि लॅटिनमधला 'इन' ही एकाच घराण्यातली भावंडं. पुढे 'प' आल्यामुळे या 'इन'चा 'इम' झाला. आपण 'संताप' म्हणतो तेव्हा अनुस्वाराचा उच्चार न् होतो आणि 'संपत्ती' म्हणतो तेव्हा म् होतो, कारण 'प'साठी ओठ मिटणारच असतात, ते एक अक्षर आधीच मिटतात. लॅटिनमध्येही हेच घडलं. मधला तुकडा 'पेक्कारे' हा धातू, आणि शेवटचा 'एबल', म्हणजे शक्यता दाखवणारा प्रत्यय. तिन्ही जोडून लॅटिन 'इम्पेक्काबिलिस' तयार झाला : ज्याच्याकडून 'पेक्कारे' होणं शक्य नाही असा.

या 'पेक्कारे'चा अर्थ तुमचे सहकारी 'पाप करणे' असा धरून चालले आहेत. तिथेच गफलत आहे. ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या लॅटिनमध्ये हा धातू 'चुकणे' या साध्या अर्थानेच वावरत होता. बोलण्यात चूक झाली तरी 'पेक्कारे', वागण्यात झाली तरी 'पेक्कारे'. रोमन कवी होरेस इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. त्याच्या पद्यपत्रांच्या पहिल्या भागात अगदी सुरुवातीलाच एक ओळ आहे : म्हाताऱ्या होत चाललेल्या घोड्याला वेळीच मोकळं करा, नाहीतर शेवटी तो अडखळेल, धापा टाकेल आणि लोक त्याला हसतील. या 'अडखळेल'साठी होरेसने जे क्रियापद योजलं ते हेच, पेक्कारेचं रूप. शर्यतीतला घोडा अडखळतो यात पापपुण्याचा प्रश्न कुठून येणार?

काही भाषाशास्त्रज्ञ तर या धातूचं मूळ 'पाय' या अर्थाच्या शब्दात शोधतात. लॅटिनमध्ये पायाला 'पेस', त्याचं षष्ठीचं रूप 'पेदिस'. आपल्या 'पद' आणि 'पाद' यांचे ते सख्खे नातेवाईक. पायात दोष असणं, ठेच लागणं, त्यावरून चुकणं, असा तो तर्क. तो तर्कच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण मराठी माणसाला तो चटकन पटावा असा आहे, कारण आपणही नैतिक चुकीबद्दल बोलताना पायाचाच आधार घेतो. कोणाचं 'पाऊल घसरतं', कोणाचं 'वाकडं पडतं'. माणूस 'स्खलनशील' आहे असं आपण म्हणतो, त्यातला 'स्खल्' म्हणजेसुद्धा अडखळणं, घसरणं. जुन्या ग्रंथांच्या प्रस्तावनेत हमखास भेटणारं सुभाषित आठवा : 'गच्छतः स्खलनं क्वापि भवत्येव प्रमादतः', चालणाऱ्याचा पाय कुठेतरी घसरणारच.

मग पाप आलं कुठून? बायबलच्या ग्रीक नव्या करारात पापासाठी जो शब्द आहे त्याचाही जुना अर्थ 'नेम चुकणे' असाच होता. लॅटिन भाषांतरात त्याच्या जागी 'पेक्कारे' बसला आणि चर्चच्या भाषेत त्या धातूचा अर्थ आकसून 'पाप करणे' एवढाच उरला. पुढे धर्मपंडितांनी या धातूवर फार बारीक काम केलं. ऑगस्टीनने (इ.स. ३५४–४३०) केलेला भेद आजही शिकवला जातो : 'पोस्से नॉन पेक्कारे' म्हणजे पाप न करणं शक्य असणं, आणि 'नॉन पोस्से पेक्कारे' म्हणजे पाप करणं शक्यच नसणं. 'नॉन' हा एकच शब्द इकडचा तिकडे झाला आणि अर्थ कुठल्या कुठे गेला. माणसाला मुळात मिळालेलं स्वातंत्र्य पहिल्या प्रकारचं, अंतिम मुक्तीनंतरचं दुसऱ्या प्रकारचं, असं तो म्हणतो. 'इम्पेक्काबिलिस' हा या दुसऱ्या अवस्थेचा शब्द. आपल्याकडे 'अभंग' आणि 'अभेद्य' यांत असाच फरक आहे. जे भंगलेलं नाही ते अभंग. जे भेदताच येणार नाही ते अभेद्य. रचनेने 'इम्पेकेबल' हा अभेद्यच्या जातीचा.

इंग्रजीत तो १५३०च्या दशकात उतरला तो चर्चचाच अर्थ घेऊन. पण १७व्या शतकाच्या पूर्वार्धातच तो 'दोष काढता येणार नाही असा' या ऐहिक अर्थाने वापरला जाऊ लागला, आणि आज इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात तेवढाच अर्थ उरलाय. म्हणजे होरेसच्या घोड्यापासून निघालेला शब्द चर्चमधून फिरून जवळपास पहिल्या जागी आला. पाप हा त्याच्या प्रवासातला मधला मुक्काम आहे. 'खरा अर्थ' म्हणून मूळच शोधायचं, तर मग मुळापर्यंत जावं. मधल्याच ठाण्यावर उतरून 'हेच मूळ' म्हणणं टिकत नाही. आणि मूळ काहीही निघालं तरी शब्दाचा अर्थ आजच्या वापरावरून ठरतो. मूळ कळल्याने एवढाच फायदा होतो, की तो शब्द कोणाच्या शेजारी शोभतो हे लवकर लक्षात येतं.

जाता जाता याच धातूची एक गंमत सांगायला हवी, कारण ती बहुतेक वेळा चुकीची सांगितली जाते. १८४३ मध्ये ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला आणि 'पेक्कावी' एवढा एकच लॅटिन शब्द वरिष्ठांना कळवला, अशी ती गोष्ट. 'पेक्कावी' म्हणजे 'मी पाप केलं'. ते इंग्रजीत म्हटलं की 'आय हॅव सिंड', आणि कानाला ते 'सिंध माझ्या हाती आहे' असंही लागतं. नेपियरने असा काही निरोप धाडलेला नाही. ही कोटी १८४४ मध्ये लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात छापून आली होती. तिच्यावरून एक कळतं, की त्या काळच्या शिकलेल्या वाचकाला पेक्कारेचा पापाशी असलेला संबंध न सांगता कळत होता. आजच्या वाचकाला तो कळत नाही, म्हणूनच तुमच्या पत्रात या शब्दाने कोणाच्या धर्मभावनेला हात लागणार नाही.

आता 'फ्लॉलेस' आणि 'परफेक्ट' का नको, याकडे येऊ. इंग्रजीत निर्दोषपणासाठी अर्धा डझन तरी शब्द आहेत आणि कोशात ते एकमेकांसमोर पर्याय म्हणून छापलेले असतात. पण प्रत्येकाच्या पोटात एक वेगळं चित्र आहे.

'फ्लॉ'चं नातं नॉर्स भाषेतल्या दगडाच्या थराच्या, पापुद्र्याच्या शब्दाशी जोडलं जातं. पुढे तो तडा, चीर, या अर्थाने रुळला. म्हणून 'फ्लॉलेस' वस्तूला उत्तम लागतो. हिऱ्यांच्या प्रतवारीत तर ती चक्क एक ठरावीक श्रेणी आहे : जीआयए या संस्थेच्या पद्धतीत शुद्धतेच्या ११ श्रेणी असतात, आणि १० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली प्रशिक्षित माणसाला आत किंवा बाहेर काहीही दिसलं नाही, तरच हिरा 'फ्लॉलेस' ठरतो. तिथे 'इम्पेकेबल हिरा' म्हटलं तर जाणकाराला खटकेल. हिरा चुकत नाही, घसरत नाही. त्याच्यात चीर असते किंवा नसते. सादरीकरण, गाणं, कसरत यांनाही 'फ्लॉलेस' चालतो, कारण तिथे एक अखंड सलग गोष्ट डोळ्यांसमोर असते.

'इमॅक्युलेट'च्या पोटात डाग आहे. लॅटिन 'माकुला' म्हणजे ठिपका, डाग. डोळ्याच्या पडद्यावरच्या पीतबिंदूला डॉक्टर 'मॅक्युला' म्हणतात तो हाच शब्द. म्हणून पांढराशुभ्र सदरा, आवरलेली खोली, नव्यासारखी राहिलेली जुनी मोटार यांना 'इमॅक्युलेट' शोभतो. याला मात्र धर्माची छटा आजही चिकटलेली आहे. 'इमॅक्युलेट कन्सेप्शन' हा कॅथलिक सिद्धान्त ८ डिसेंबर १८५४ रोजी पोप नववे पायस यांनी जाहीर केला. तो येशूच्या जन्माविषयी आहे असं अनेकांना वाटतं. तो मेरीविषयी आहे, ती स्वतः आईच्या पोटात आली तेव्हापासूनच मूळ पापाच्या डागापासून मुक्त होती, असं तो सांगतो. भाषांतरात हा घोळ नेहमी होतो, लक्षात ठेवा.

'परफेक्ट' म्हणजे तडीस नेलेलं, पूर्ण केलेलं. व्याकरणातला 'परफेक्ट टेन्स' आपण 'पूर्ण काळ' म्हणतो ते अगदी मुळाला धरून आहे. जिथे काही उरलेलं नाही, भर घालायला जागा नाही, तिथे तो शब्द. माणसाचं वर्तन असं 'पूर्ण' होत नसतं. शिवाय हा शब्द रोजच्या बोलण्यात इतका झिजलाय, की 'वर्तन परफेक्ट होते' वाचून वाचणाऱ्याच्या मनात काहीच उमटत नाही. आणि मराठी पत्रात इंग्रजी शब्द काढून दुसरा इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला, तर भाषांतर व्हायचं ते बाकीच राहिलं.

'इन्फॉलिबल'शी गल्लत करू नका. त्यात चूक न होणं आहे, पण ती निर्णयातली, सांगण्यातली चूक. १८७० मध्ये व्हॅटिकन परिषदेने पोपच्या बाबतीत जी जाहीर केली ती 'इन्फॉलिबिलिटी'. श्रद्धा आणि नीती यांविषयी सर्व चर्चसाठी अधिकृत निर्णय देताना चूक होणार नाही, एवढीच तिची व्याप्ती. पोपच्या हातून पाप घडणारच नाही, असं तिथे म्हटलेलं नाही. तसं म्हणायचं असतं तर शब्द 'इम्पेकेबिलिटी' असता.

आणि 'अनइम्पीचेबल'? तो ऐकायला पेक्कारेचा वाटतो, पण आहे वेगळा : पायातल्या बेडीवरून आलेला, अडकवणे या अर्थाचा. ज्याबद्दल शंका घेता येत नाही असा पुरावा, असा माहितीचा स्रोत, यांच्यासाठी तो.

आता 'इम्पेकेबल' कुठे बसतो ते पाहा. 'मॅनर्स', 'टेस्ट', 'टायमिंग', 'लॉजिक', 'रेकॉर्ड', 'क्रेडेन्शियल्स', 'सर्व्हिस', आणि तुमचं 'कंडक्ट'. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. इथे माणूस काहीतरी करत असतो, किंवा करून दाखवलेलं असतं, आणि ते करताना चुकण्याची संधी पावलोपावली असते. वागताना तोल जाऊ शकतो, कपडे निवडताना अभिरुची ढळू शकते, विनोद एक क्षण आधी किंवा नंतर पडू शकतो. चालणारा चालला आणि कुठेही अडखळला नाही, हे सांगायला 'इम्पेकेबल'. नोकरीच्या वर्षांतलं वर्तन याहून वेगळं काय असतं?

मराठीकडे वळताना आधी मोह आवरायचा तो रचनेने जुळणाऱ्या शब्दाचा. 'इम्पेकेबल'शी हाडामासाने सर्वात जवळचा आपला शब्द 'अस्खलित' : न अडखळलेला. पण वापराने तो वाणीला बांधला गेलाय. अस्खलित वक्तृत्व, अस्खलित इंग्रजी. 'अस्खलित वर्तन' कोणी म्हणत नाही. 'अच्युत'ही तसाच, न ढळणारा. तो तर विष्णूचं नाव होऊन बसला. शब्दांची फोड सारखी असली तरी त्यांचा संसार वेगळा असतो.

'निष्पाप' का नको, हे आता सहज कळेल. मराठीत निष्पाप मूल असतं, निष्पाप चेहरा असतो, दंगलीत निष्पाप बळी जातात. म्हणजे एकतर भाबडेपणा, नाहीतर ज्याचा काही संबंध नसताना सोसावं लागलं अशी अवस्था. 'त्यांचे वर्तन निष्पाप होते' वाचल्यावर नव्या संस्थेतला माणूस विचारात पडेल, की यांच्यावर आळ आला होता की काय! माणसालाच 'निर्दोष' म्हटलं तरी अशीच पंचाईत होते, कारण 'निर्दोष मुक्तता' हा कोर्टाचा प्रयोग कानात बसलेला आहे. 'निर्दोष' वस्तूला आणि कृतीला लावा : निर्दोष इंग्रजी, निर्दोष छपाई, निर्दोष युक्तिवाद. तिथे तो खणखणीत वाजतो.

म्हणून विशेषणावर न अडता आधी नाम बघा. चारित्र्य, कारकीर्द, सेवेतली नोंद असेल तर 'निष्कलंक'. हिशेब, व्यवहार, बंदोबस्त, काम असेल तर 'चोख'. पाठांतर, आकडेमोड, टंकलेखन 'बिनचूक'. टायमिंग, निदान, अंदाज 'अचूक'. पेहरावाला 'नीटनेटका' कमी पडतो, तिथे 'नावं ठेवायला जागा नसलेला' असं पसरून लिहिलेलं बरं. अभिरुचीला कुठलंच नकाराचं विशेषण धड बसत नाही. 'निर्दोष अभिरुची' पुस्तकी वाटते, 'अभिरुची वादातीत' किंवा 'अभिरुचीत कुठे उणं सापडणार नाही' जास्त सहज. निष्कलंकमध्ये डाग आहे आणि इंग्रजीत पाय आहे, चित्र बदललं म्हणून घाबरू नका. भाषांतरात पोहोचवायचा असतो तो परिणाम. 'इम्पेकेबल' वाचून इंग्रजी वाचकाच्या मनात जे येतं, ते बोलीत एका वाक्यात सांगायचं तर 'बोट ठेवायला जागा नाही', इतकंच.

तुमचं वाक्य असं करा : 'सेवेच्या संपूर्ण काळात त्यांचे वर्तन निष्कलंक राहिले.' 'होते'पेक्षा 'राहिले' मुद्दाम घेतलं आहे. काळ लोटला आणि तरी ढळलं नाही, हे त्या क्रियापदात येतं. इंग्रजी पत्रातही नुसतं 'इम्पेकेबल' न ठेवता किती वर्षं आणि कोणत्या जबाबदारीत, हे त्याच वाक्यात घालायला सुचवा. आधार नसलेली एवढी मोठी स्तुती वाचणारा पुढे सरकवतो. आणि एका पत्रात हा शब्द एकदाच. वर्तनही इम्पेकेबल, हजेरीही इम्पेकेबल, इंग्रजीही इम्पेकेबल, असं झालं की तिन्ही खोटी वाटू लागतात. त्याच्यामागे 'व्हेरी' किंवा 'मोअर'ही लावू नये. जिथे एकही चूक नाही तिथे 'जास्त' एकही चूक नाही असं होत नाही.

उच्चार करताना जोर 'पेक'वर द्या : इम्-पेक्-अ-बल्. आपल्याकडे 'के' लांबवून त्यावर जोर देतात, कारण शेवटचा तुकडा 'केबल'सारखा वाचला जातो. तो 'अ' अगदी पुसट ठेवा.

स्पेलिंगची खूण तुमच्याच लिपीत आहे. मूळ धातू देवनागरीत लिहा : पेक्कारे. त्यात 'क्क' हे जोडाक्षर आहे, म्हणून 'सी' दोन. 'क्का'मध्ये 'आ' आहे, म्हणून शेवट 'ए-बी-एल-ई'. लॅटिनमधले 'आरे'वाले धातू सहसा हाच शेवट घेतात. 'ऑडिबल'चा धातू 'आउदीरे', त्यात 'ई' आहे, म्हणून तिथे 'आय-बी-एल-ई'. सुरुवातीचा 'एम' मात्र एकच. 'इमॅक्युलेट'मध्ये दोन आहेत, कारण तिथे पुढचा शब्दच 'म'ने सुरू होतो.

एक धोका मात्र खरा आहे. घाईत 'इम्पेक' एवढं टाइप करून यंत्राने सुचवलेला शब्द स्वीकारू नका. एकच 'सी' पडला तर यादीत 'इम्पेक्युनिअस' येऊ शकतो. त्याचं मूळ 'पेकुनिया', म्हणजे पैसा, आणि पैशाचं मूळ 'पेकुस', म्हणजे गुरंढोरं, आपल्या 'पशु'चा भाऊबंद. अर्थ : निष्कांचन, खिशात दमडी नसलेला. स्पेलिंग तपासणारं यंत्र तो पकडणार नाही, कारण तोही रीतसर शब्द आहे. पत्र सहीला जाण्याआधी त्या एका शब्दावर बोट ठेवून 'सी' मोजा. दोन हवेत.